काळ्या कापडाची दुसरी गाठ

१

होझिया रफिनला जाऊन महिना झाला, आणि त्याच सुमाराला त्यानं उभारलेल्या इस्पितळाचा परवाना भिंतीवरून नाहीसा झाल्याचं उघडकीला आलं. धन्याच्या दुःखानं कुत्री अन्नपाणी सोडतात हे आपण ऐकून आहोत. पण कागदानं धन्यामागं जावं हे एबनेझर बेंडमध्येसुद्धा नवल होतं. आणि एबनेझर बेंड म्हणजे असं गाव, की एकदा पुरात तिथल्या चर्चची घंटा वाहून गेली ती पुढच्या रविवारी आपणहून परत आली, हे शपथेवर सांगणारी चौदा माणसं आजही मिळतील.

मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातलं हे गाव सगळं काळ्यांचं. गोरा माणूस आलाच तर वाट चुकून, नाहीतर तपासणीला. गिलियड इस्पितळ बांधलं ते गिलियड बंधुभगिनी मंडळानं. वीट न् वीट सभासदांची. डॉक्टर आपले, नर्सा आपल्या, आणि दार पुढचं. दुसरं इस्पितळ बेचाळीस मैलांवर. तिथं आपल्या माणसाला मागच्या दारानं तळघरात उतरवायचे, तेही खाट मोकळी असली तर. पर्मेलिया गॅडिसची धाकटी बहीण आयडेला पोटातल्या बाळासकट त्या रस्त्यावर एकतिसाव्या मैलाला गेली. दोन वर्षांनी गिलियड उघडलं, तेव्हा पर्मेलियानं तिथलं धुणं हाती घेतलं. त्याला आता वीस वर्षं झाली होती.

मंडळातला मोठा माणूस गेला की मंडळाच्या सनदेवर तीस दिवस काळं कापड घालायची रीत. शनिवारी दुपारी मुदत संपली. चिटणीस इझिकिएल प्रूइट स्टुलावर चढले, मोठ्या चौकटीवरचं कापड गाठींसकट अलगद उचललं, आणि खाली उभ्या हेडनर्स वॅश्टी कोलक्विट किंचाळल्या.

"परवाना! अहो, परवाना कुठाय?"

चौकटीत वर सनद होती. खाली उजवीकडं एक कागद होता. डावीकडं, जिथं वीस वर्षं राज्याचा परवाना होता, तिथं नुसता फिकट चौकोन.

मंगळवारी तपासनीस येणार होता. मागच्या खेपेला जाता जाता तो म्हणालाच होता, "पुढच्या वेळी एक खोट सापडू दे, कुलूप मीच घेऊन येईन." अस्सल परवाना भिंतीवर हवा, हा नियम पहिल्या पानावरचा. नक्कल मागवायची तर राजधानीहून उत्तर येईपर्यंत कापसाचा हंगाम निघून जातो.

प्रूइटनी चौकट उलटी केली. मागचा जाड कागद वरपासून खालपर्यंत एकाच रेघेत कापलेला होता. कुठं फाटलेला नाही, थरथर नाही.

"असं पातं चालवणारा हात गावात एकच आहे," प्रूइट म्हणाले.

आणि सगळ्या माना डॉक्टर मेबँककडं वळल्या.

२

थेरॉन मेबँक चार वर्षांपूर्वी नॅशव्हिलहून आला होता. बत्तीस वर्षांचा, हात सोन्याचा, जीभ मात्र पत्र्याची. रफिन गेल्यावर दिवाणखान्यात काळं कापड चढलं तेव्हा हा सगळ्यांदेखत म्हणाला होता, "इस्पितळ आहे की थडगं? रोगी आत येता येताच अर्धा मरेल." शिवाय त्याला डेट्रॉइटच्या एका इस्पितळातून बोलावणं आलं होतं, हे पोस्टमास्तरनं गावभर केलं होतं. मंडळ आपल्याला सोडणार नाही, म्हणून यानं इस्पितळच बंद पाडायचं ठरवलं, असा हिशेब शनिवारी सूर्य मावळायच्या आत घराघरात जुळला.

रविवारी पाचला मंडळाची बैठक ठरली. विषय एकच: डॉक्टरला काढणे.

पर्मेलिया रविवारी सकाळी मळके ॲप्रन न्यायच्या निमित्तानं त्याच्या खोलीत गेली. धुणंवालीला कुठलंही दार बंद नसतं.

"मिस पर्मेलिया, तुम्हीही विचारायला आलात?"

"मी ॲप्रन न्यायला आलेय. विचारायचं म्हणाल तर, चोरलात का?"

"नाही."

"डेट्रॉइटला जाणार होतात?"

"नकाराचं पत्र बुधवारीच टाकलंय. पोस्टमास्तर येणारी पत्रं वाचतो, जाणारी वाचत नाही वाटतं." तो कोरडं हसला. "पण आज पाचनंतर जावंच लागेल. चोर ठरलेल्याच्या हातात कोण पोट देईल?"

"तुम्ही गेलात तर तपासनिसाला परवाना शोधायचेही कष्ट नकोत. सर्जन नाही म्हणजे इस्पितळ नाहीच."

"ते बैठकीत सांगा."

"सांगायला हातात काहीतरी लागतं, डॉक्टर. त्या कापडाला तुम्ही हात लावला होता?"

"त्या फडक्याला? तुमचे ते गाठींचे सोपस्कार मला अजून कळलेले नाहीत. मी त्याच्याजवळून जाताना खिशात हात घालून जातो, चुकून कुणाचा बाप दुखावायला नको."

पर्मेलियानं ॲप्रन काखेला मारले आणि ती धुण्याच्या खोलीत आली. शनिवारचं काळं कापड तिच्याच टोपलीत पडलेलं होतं, कारण सुतकाच्या कापडाच्या गाठी सोडायच्या त्या धुणाऱ्या बाईनंच आणि तेही गरम पाण्यात. हंड्यावर वाफ धरली होती. तिनं कापड पाण्यात सोडायला उचललं, आणि उचललेला हात तसाच राहिला.

गाठी दोन होत्या.

३

हंडा तसाच खदखदत ठेवून ती वॅश्टीकडं गेली. वॅश्टी औषधांच्या कपाटाशी बाटल्यांना शिस्त लावत होती. तिच्या देखरेखीखाली बाटल्यासुद्धा पाठ ताठ ठेवून उभ्या असत.

"कापड तू चढवलंस ना?"

"रफिन गेले त्याच दुपारी. दहा माणसांसमोर."

"गाठी किती मारल्यास?"

"हे काय विचारणं झालं? एक. चढवणाऱ्याची एक. नंतर कुणी कापड उचललं तर त्यानं आपली एक मारायची, मेलेल्याची क्षमा मागून. आजीपासूनची रीत आहे, पर्मेलिया, तुला काय आज कळली?"

"मग हे बघ."

वॅश्टीनं कापड बघितलं आणि हातातली बाटली चुकीच्या जागी ठेवली. वीस वर्षांत हे पहिल्यांदा.

"चोर कशाला क्षमा मागेल गं?"

"चोर नाहीच मागणार. मंडळातला माणूस मागेल. त्याचा हात आपोआप जाईल." पर्मेलिया म्हणाली. "डॉक्टर मंडळाचा नाही. गाठीची रीतही त्याला ठाऊक नाही."

"मग मंडळातलं कोण?" वॅश्टीनं आवाज खाली आणला. "रफिनच्या खुर्चीवर डोळा कुणाचा आहे, तुलाही माहीत आहे. माझं नाव घेऊ नकोस म्हणजे झालं."

तो डोळा चिटणीस प्रूइटचा होता. ते सरकीच्या गिरणीवरचे मुकादम. हंगाम सुरू असल्यानं रविवारीही पट्ट्याला तेल घालत बसले होते. अंगावर, मिशीवर कापसाचे तंतू. पर्मेलियानं कापड पुढं धरलं. त्यांनी गाठी मोजल्या, मग तिच्याकडं बघितलं.

"गाठीवरून न्याय करतेस? उद्या डॉक्टरनं आपल्यालाच फसवायला दुसरी गाठ मारली असेल तर?"

"त्याला रीत ठाऊक नाही."

"असं तो म्हणतो. मी म्हणतो मला मासा तळता येत नाही. म्हणून माझ्या बायकोनं ताटातला मासा कुणी खाल्ला ते शोधायला नको?" ते गंभीर झाले. "आणि तू माझ्याकडं असं बघू नकोस. रफिन गेले त्या दिवसापासून पुरेपर्यंत आठ दिवस मी मेम्फिसला होतो, शिकागोचे पाहुणे गाडीवरून आणत. त्यानंतर रोज इथं, या पट्ट्याखाली. मला खुर्ची हवी आहे, बाई. पण इस्पितळच नसेल तर खुर्ची कशावर ठेवू?"

हे मात्र खरं होतं. पर्मेलिया परतली तेव्हा घड्याळात साडेअकरा झाले होते, आणि हातात एक गाठ होती, जिचं टोक कुणाकडं जात होतं ते दिसत नव्हतं.

४

दारात काळी गाडी उभी होती. एबनेझर बेंडमध्ये गाडी एकच: फिलँडर टब्सची. गावातल्या मयतांचं सगळं, प्रेतं टिकवण्यापासून शवपेट्या बनवण्यापर्यंत, तोच बघायचा, आणि रुग्णांना आणायलाही तीच गाडी धावायची. आत झोपलेल्यानं हुंकार दिला की गाडी इस्पितळाकडं वळे, नाही दिला की टब्सच्या वखारीकडं. एकदा म्हणे वखारीच्या दारात कुणी शिंकला, तेव्हा टब्सनं तशीच गाडी मागं घेतली होती.

आज मोडलेला पाय आणला होता. पाय आत गेल्यावर टब्स पायरीवर टोपीनं वारा घेत बसला. साडेसहा फूट उंच माणूस, पण कालपासून पाच-सहा बोटं कमीच वाटत होता.

"तुमचं काय, ब्रदर टब्स, इस्पितळ बंद झालं तर तुमचीच चांदी," पर्मेलिया म्हणाली.

एरवी यावर तो दोन टोले देऊन हसला असता. आज त्यानं नुसती टोपी फिरवली.

"तसं बोलू नकोस, सिस्टर. आयडेलाला मीच नेत होतो ना. एकतिसाव्या मैलाला गाडी थांबवली ती मीच."

ते पर्मेलियाला माहीत होतं. त्याला अजून आठवतंय हे माहीत नव्हतं.

"एक विचारू?" थोड्या वेळानं तो म्हणाला. "त्या चौकटीत दुसरा कागद आहे ना अजून? खालचा, सोनेरी शिक्क्याचा, फीत लावलेला. तो दाखवला तपासनिसाला तर नाही चालणार?"

"दुसरा कुठला?"

"तोच, उजवीकडचा. तोही परवान्यासारखाच आहे की. रफिनचं नावसुद्धा आहे त्यावर, नाही का?"

"परवान्यासारखा दिसतो म्हणून परवाना होतो का?"

"नाही होत," तो घाईनं म्हणाला. "नाहीच होत. मी आपलं विचारलं." आणि उठून गाडीत बसला, इंजिन दोनदा बंद पाडलं, मग गेला.

पर्मेलिया दिवाणखान्यात आली. वीस वर्षं ती त्या चौकटीची काच पुसत आली होती. जी काच आपण पुसतो तिच्यातलं आपण वाचत नाही. कालपासून सगळं गाव डावीकडच्या रिकाम्या चौकोनाकडं बघून छाती बडवत होतं. ती पहिल्यांदाच उजवीकडं बघायला उभी राहिली, आणि चष्मा नाकावर चढवून तिनं वाचलं:

गिलियड बंधुभगिनी मंडळ. ब्रदर होझिया रफिन. सभासद क्रमांक एक.

हा कागद इथं असायलाच नको होता.

५

मंडळाच्या प्रत्येक सभासदाला त्याचं सभासदपत्र छातीवर ठेवून पुरतात. वर गेल्यावर नाव सांगायला तोंड उघडायला नको, म्हणून. लोकांची पत्रं घरी ट्रंकेत असतात, घरचे काढून टब्सकडं देतात. रफिनही पत्रासकटच पुरला गेला, असं सगळे धरून चालले होते. आणि पत्र तर भिंतीवर होतं.

विधवा अरझुला रफिन ओसरीवर भेंड्या निवडत होत्या.

"सिस्टर, होझियाचं सभासदपत्र टब्सकडं कुणी दिलं?"

"मी कुठून देणार? आमच्या ह्यांनी ते इस्पितळातच लावलं होतं, घरात काय ठेवलं होतं त्यांनी, स्वतःला तरी ठेवलं का? टब्सला म्हटलं, चौकटीतनं तूच काढून घे. सातव्या दिवशी गेला होता तो, सगळे जेवायला बसल्यावर. का गं?"

"काही नाही. शवपेटी बंद करायच्या आधी तुम्ही कागद बघितलात?"

"शिक्का दिसला, फीत दिसली. डोळे भरलेल्या बाईला अक्षरं दिसतात का?"

टब्सच्या वखारीत ताज्या पाइनचा वास होता. तो रंधा मारत होता; तिला बघून थांबला. पर्मेलियानं एका नव्या पेटीच्या झाकणावर बैठक मारली.

"मी बोलते, तुम्ही ऐका. चुकलं तिथं थांबवा. कापडाला दुसरी गाठ आहे. म्हणजे उचलणारा मंडळाचा, आणि मनात चोरी नसलेला. कागद एका रेघेत कापलाय. गावात असं पातं दोघांकडं असतं, एक जिवंतांना कापतो, एक मेलेल्यांना. आणि जो कागद जायला हवा होता तो भिंतीवर आहे, जो राहायला हवा होता तो गेलाय. परवाना कुणी चोरलाच नाही. कुणीतरी सभासदपत्र न्यायला आलं आणि चुकीचा कागद घेऊन गेलं."

रंधा खाली ठेवला गेला.

"एवढंच कळत नव्हतं," ती म्हणाली, "की बोटभर उंचीच्या अक्षरांत 'परवाना' लिहिलेला कागद चुकतो कसा. मग सकाळचं तुमचं बोलणं आठवलं. शिक्का, फीत, डावं, उजवं, सगळं सांगितलंत. लिहिलंय काय, ते विचारलंत."

टब्सनं फळीवरचा भुसा हातानं झाडला.

"मोझेल वाचायची," शेवटी तो म्हणाला. बायको जाऊन त्याला वर्ष झालं होतं. "फॉर्म, पत्रं, सगळं तीच. मी सही तेवढी काढतो. तीही चित्र काढावं तशी. आमच्या शेतावर शाळा कापूस वेचून उरलेल्या दिवसांत असायची, आणि दिवस उरायचेच नाहीत. चर्चमध्ये पुस्तक धरून उभा राहतो. गाणी पाठ आहेत."

"काल का नाही बोललात?"

"चाळीस वर्षं लोक आपली माणसं माझ्या हातात देतात, पर्मेलिया. कुणाच्या पेटीवर कुणाचं नाव, हे याला कळत नाही, असं कळल्यावर देतील?"

"आणि डॉक्टर?"

त्यानं रंध्यात अडकलेला भुसा बोटानं काढला.

"पाच वाजता बैठक आहे," ती उठत म्हणाली. "चार माणसांत बोलायची माझी हिंमत दांडगी आहे, तुम्हाला माहीत आहे. पण हे माझ्या तोंडून बरं दिसणार नाही. सव्वापाचपर्यंत मी गप्प बसेन."

६

पाच वाजून बारा मिनिटांनी, प्रूइट ठराव वाचत असताना, मागच्या रांगेतून टब्स उठला. एवढा उंच माणूस उठायला वेळ लागतो. त्या वेळात सगळी सभा मागं वळली. त्यानं सांगितलं ते चार वाक्यांत सांगितलं. शेवटचं वाक्य होतं, "मला वाचता येत नाही."

प्रूइटनी ठरावाचा कागद चार घड्या करून खिशात घातला आणि विचारलं, "फावडी किती लागतील?"

मग ते डॉक्टरकडं वळले. "तुम्हाला फावडं धरता येतं का, की तेही नॅशव्हिलला शिकवत नाहीत?"

"माफी अशी मागतात का इकडं?" डॉक्टर म्हणाला.

"इकडं अशीच मागतात."

अरझुलाबाईंची परवानगी हवी होती. "काढा बाहेर," त्या म्हणाल्या. "जिवंतपणी तरी कुठं एका जागी बसले होते!"

सोमवारी उजाडताच खणायला सुरुवात झाली, आणि साडेनऊला पेटी वर आली. त्याच वेळी इस्पितळातून वॅश्टीचा निरोप घेऊन बाई पळत आली: तपासनीस एक दिवस आधीच दारात उभा आहे.

डॉक्टर तसाच चिखलाच्या बुटांनी धावला. पुढचा पाऊण तास त्यानं तपासनिसाला इस्पितळ दाखवलं ते आजही नावाजलं जातं. बेचाळीस खाटा, प्रत्येक खाटेखालचं भांडं, भांड्याचा इतिहास. दिवाणखान्याकडं पाऊल वळलं की डॉक्टर म्हणे, "तत्पूर्वी, आमची कोळशाची खोली."

इकडं टब्सनं झाकण उघडलं. रफिन तीन आठवडे जमिनीत राहूनही हयातीत कधी दिसला नाही इतका टवटवीत होता, असं गाव सांगतं. टब्सच्या हाताची ती कीर्ती समजावी. छातीवरचा परवाना एका कोपऱ्याला ओलावला होता, बाकी धड. उघड्या पेटीपासून हलायचं नाही हा टब्सचा धर्म, म्हणून काळी गाडी प्रूइटनी हाकली, आणि गिरणीच्या पट्ट्याच्या वेगानं हाकली. पर्मेलिया मागं, जिथं एरवी झोपून जातात तिथं, कागद छातीशी धरून बसली. धुण्याच्या खोलीत तिनं तो दोन चादरींमध्ये घालून इस्त्री केला, आणि तपासनीस कोळशाच्या खोलीतून शिंकत बाहेर आला तेव्हा ती चौकटीची काच पुसत होती.

त्यानं परवाना वाचला. नाक जवळ नेलं.

"वास कसला येतोय?"

"इस्पितळ आहे, साहेब," ती म्हणाली.

त्यानं वहीत खूण केली आणि अकरा वाजता त्याची मोटार धूळ उडवत गेली.

मग सगळे दफनभूमीत परतले. टब्स उन्हात, पेटीवर आपल्या टोपीची सावली धरून, होता तिथंच उभा होता. पर्मेलियानं सभासदपत्र त्याच्या हातात दिलं. प्रूइट दोऱ्या आवळायला पुढं झाले, पण टब्स हलला नाही.

"थांबा जरा," तो म्हणाला. "पर्मेलिया, हे पहिलं अक्षर कुठलं?"

तिनं सांगितलं. त्यानं बोट त्यावर ठेवलं, अक्षर तोंडात घोळवलं आणि बोट पुढं सरकवलं. दुसरं तिनं सांगितलं, तिसरं त्याला आपणहून आलं, सहीत होतं म्हणून. पुढं कुठं ती सांगे, कुठं तो. ऊन डोक्यावर आलं. बायकांच्या टोप्यांखालून घाम ओघळत होता, डॉक्टरला बारा वाजता एक अपेंडिक्स होतं, आणि तरी पन्नास-साठ माणसांतलं कुणी जागचं हललं नाही. सगळा कागद संपायला वीस मिनिटं लागली. शेवटचा आकडा आला तेव्हा टब्सनं तो मोठ्यानं म्हटला: "एक."

कागद त्यानं रफिनच्या हातांखाली नीट बसवला आणि झाकण लावलं.

"आता खात्री ना?" अरझुलाबाईंनी विचारलं.

"वाचलंय मी," टब्स म्हणाला.